पटवर्धन, आनंद

पटवर्धन, आनंद : (१८ फेब्रुवारी १९५०–    ). सामाजिक व राजकीय विषयांवरील अनुबोधपटांचे भारतीय दिग्दर्शक. जन्म मुंबई येथे. वडील वासुदेव पटवर्धन. आई निर्मला पटवर्धन या मृत्तिकापात्रांच्या कलेतील नामवंत कलावंत. स्वातंत्र्यलढ्यातील समाजवादी नेते रावसाहेब पटवर्धन आणि १९४२ च्या भूमिगत चळवळीचे एक सूत्रधार अच्युत पटवर्धन हे त्यांचे चुलते होत. मुंबई विद्यापीठातून इंग्रजी साहित्य हा विषय घेऊन ते बी. ए. झाले (१९७०). पुढे अमेरिकेतील ब्रँडाइस विद्यापीठातून त्यांनी समाजशास्त्रातील पदवी घेतली (१९७२) व कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठातून संज्ञापन या विषयात एम्. ए. केले (१९८२). अमेरिकेत असताना व्हिएटनाम युद्धविरोधी आंदोलनात त्यांनी भाग घेतला. कॅलिफोर्नियातील शेतमजुरांचे नेते सीझर चावेझ यांच्या संघटनेत त्यांनी काही काळ स्वयंसेवक म्हणून काम केले. भारतात परतल्यावर मध्य प्रदेशातील किशोर भारती या ग्रामीण शिक्षणसंस्थेत ते कार्यकर्ते होते. चित्रपटविद्येचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नाही. चळवळीच्या गरजेतून ते कॅमेऱ्याकडे वळले.

त्यांच्या कार्याचे वेगळेपण समजण्यासाठी त्या काळातील भारतीय अनुबोधपटाची स्थिती ध्यानात घ्यावी लागते. केंद्र शासनाने १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन ही संस्था स्थापन केली. तिचे वृत्तपट व अनुबोधपट मुख्य चित्रपटापूर्वी दाखविणे चित्रपटगृहांवर बंधनकारक होते. त्यामुळे अनुबोधपटाला हक्काचा प्रेक्षक मिळाला. मात्र धरणे, कारखाने, कुटुंबनियोजन, लोककला यांसारख्या विषयांना शासनाच्या भूमिकेतून समजावून सांगणारे पट म्हणजेच अनुबोधपट, असा समजही त्यामुळे रूढ झाला. फिल्म्स डिव्हिजनमध्ये एस्. सुखदेव यांच्यासारखे स्वतंत्र दृष्टीचे दिग्दर्शक नव्हते असे नाही. परंतु शासनाशी मतभेद असलेल्या कलावंताला तेथे फारसा वाव नव्हता, आणि तिच्या बाहेर राहून अनुबोधपट काढणाऱ्यास तो दाखविण्याची सोय नव्हती. शिवाय १९५२ च्या चलच्चित्र कायद्यानुसार जाहीर खेळासाठी प्रमाणपत्र आवश्यक होते. ख्वाजा अहमद अब्बास यांनी आपल्या एका अनुबोधपटाच्या निमित्ताने या पूर्वनियंत्रणाला आव्हान दिले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये ते घटनेशी सुसंगत ठरविले. अशा परिस्थितीत पटवर्धनांनी जो मार्ग पत्करला, त्यात पट तयार करणे हा कामाचा निम्माच भाग होता. उरलेला निम्मा भाग तो लोकांपर्यंत नेण्याचा. आणि त्यात वस्त्यांतील पडदा व प्रक्षेपक यांपासून न्यायालयातील याचिकांपर्यंत सर्व काही आले.

त्यांचा भारतातील पहिला पट ‘क्रांती की तरंगें’ (१९७४-७५) हा बिहारमधील जयप्रकाश नारायण यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनावर आहे. पाटण्यात नोव्हेंबर १९७४ मध्ये निघालेल्या प्रचंड मोर्चाच्या वेळी पोलिसांच्या अत्याचारांचा छायाचित्ररूपी पुरावा असावा, या हेतूने हे काम सुरू झाले. मित्रांकडून मिळविलेल्या घरगुती वापराच्या सुपर-८ कॅमेऱ्याने चित्रण करण्यात आले. ते पडद्यावर प्रक्षेपित करून त्यावरून १६ मिमी. फिल्मवर पुन्हा चित्रित केले गेले. चित्र भुरकट व दाणेदार आले, पण त्या घाईगर्दीतच चळवळीची धग उतरली. पट पुरा होतो न होतो तोच जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि त्याचे खेळ गुप्तपणे करावे लागले. पटवर्धन कॅनडास गेले, तेव्हा पटाचे तुकडे करून ते निरनिराळ्या मार्गांनी देशाबाहेर पाठविण्यात आले. तेथे ते पुन्हा जोडले गेले व आणीबाणीविरोधी प्रचारासाठी दाखविले गेले. मॅक्‌गिल विद्यापीठातील त्यांचा प्रबंध याच अनुभवावर, म्हणजे भूमिगत अवस्थेतील आणि परदेशातील ‘गनिमी’ चित्रपटावर, आधारलेला आहे. क्यूबाचे दिग्दर्शक हूल्यो गार्सिया एस्पिनोसा यांनी मांडलेल्या ‘अपूर्ण चित्रपटा’च्या कल्पनेचा त्यांच्यावर प्रभाव पडला. तांत्रिक सफाईपेक्षा प्रेक्षकाला विचारप्रवृत्त करणे महत्त्वाचे, हा तिचा गाभा होय.

आणीबाणी उठल्यावर त्यांनी ‘जमीर के बंदी’ (१९७८) हा राजकीय कैद्यांविषयीचा पट केला. कैदी केवळ आणीबाणीतील नव्हते. आणीबाणीपूर्वी व नंतरही खटल्याविना तुरुंगात असलेल्यांचा प्रश्न त्यात मांडलेला आहे. सत्ताबदल झाला म्हणून प्रश्न मिटला, असे न मानण्याची त्यांची वृत्ती येथे प्रथम स्पष्ट झाली. कॅनडातील वास्तव्यात जिम मन्‍रो यांच्यासह त्यांनी ‘ए टाइम टू राइझ’ (१९८१) हा पट केला. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील शेतमळ्यांवर राबणारे बहुसंख्य मजूर पंजाबी व चिनी स्थलांतरित होते. कंत्राटदारांची पिळवणूक, फवारणीच्या विषारी औषधांचा धोका व राहण्याच्या जागांची दुर्दशा यांविरुद्ध त्यांनी १९८० मध्ये संघटना उभारली. तिची ही हकीकत आहे.

‘बॉम्बे : हमारा शहर’ (१९८५) या पटाने पटवर्धनांचे नाव सर्वतोमुखी झाले. मुंबईतील झोपडपट्ट्या व पदपथांवरील वस्त्या हटविण्याची मोहीम १९८१ च्या पावसाळ्यात शासनाने हाती घेतली होती. तिच्याविरुद्धचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग होय, असे न्यायालयाने जुलै १९८५ मध्ये मान्य केले. तथापि नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही कायम ठेवला. पटाची पार्श्वभूमी ही आहे. रंजन पालित यांच्या छायालेखनात एका बाजूस पाडापाडी, पाऊस, उघड्यावर मांडलेली चूल, बांधकामावर राबणारे मजूर. तर दुसऱ्या बाजूस शहराच्या सौंदर्यीकरणाविषयी बोलणारे अधिकारी व सुखवस्तू नागरिक दिसतात. ज्यांच्या श्रमावर शहर उभे आहे, त्यांनाच शहरात जागा नाही, हे सांगण्यास पार्श्वनिवेदनाची गरज भासत नाही. यातील एक प्रसंग विशेष उल्लेखनीय आहे. घर पाडले गेलेली एक स्त्री चित्रण करणाऱ्यांनाच खडसावते, की गरिबांची चित्रे काढून तुमचे नाव होईल, आमचे काय होणार? हा भाग दिग्दर्शकाने गाळला नाही. अनुबोधपटाच्या नैतिकतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तिचा प्रश्न मात्र त्या लिखाणापेक्षा नेमका आहे. या पटाला सर्वोत्कृष्ट कथाबाह्य चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८६ मध्ये नरीमन पॉइंटनजीकची संजय गांधीनगर ही वस्ती पाडण्यात आली. तेथील रहिवाशांबरोबर पटवर्धन व अभिनेत्री शबाना आझमी यांनी उपोषण केले आणि त्यानंतर रहिवाशांना दिंडोशी येथे पर्यायी जागा देण्यात आली.

धर्म आणि राजकारण यांच्या संबंधांवर पुढील काळात त्यांनी तीन पट केले. ‘उना मित्रां दी याद प्यारी’ (१९९०) हा पंजाबातील दहशतवादाच्या काळातील आहे. हुतात्मा भगतसिंगांच्या वारशावर खलिस्तानवादी व शासन असे दोघेही हक्क सांगत असताना, त्यांच्या निरीश्वरवादी व समाजवादी विचारांचा खेड्यापाड्यांतून प्रचार करणाऱ्या शीख व हिंदू कार्यकर्त्यांबरोबर कॅमेरा हिंडतो. ‘राम के नाम’ (१९९२) हा या तिहींतील सर्वांत गाजलेला पट. १९९० च्या रथयात्रेपासून त्या वर्षीच्या ३० ऑक्टोबरच्या कारसेवेपर्यंतच्या घटना त्यात आहेत. १९४९ च्या डिसेंबरात मशिदीत मूर्ती ठेवल्या गेल्या, त्या घटनेत आपला सहभाग होता असे सांगणाऱ्या महंतांची मुलाखत त्यात आहे. राम केव्हा जन्मला या प्रश्नावर अडखळणारा तरुण आहे. आसपासच्या खेड्यांतील कष्टकरी आहेत. पण पट लक्षात राहतो तो पुजारी लालदास यांच्यामुळे. रामजन्मभूमीच्या देवस्थानावर न्यायालयाच्या आदेशाने नेमलेले हे पुजारी शांतपणे सांगतात, की हा वाद भक्तीचा नसून सत्तेचा व पैशाचा आहे आणि यातून रक्तपात होईल. पट तयार झाला तेव्हा बाबरी मशीद उभी होती. ६ डिसेंबर १९९२ रोजी ती पाडली गेली. पुढील वर्षी नोव्हेंबरमध्ये लालदास यांची हत्या झाली. त्यानंतर पट पाहणाऱ्याला त्यांचे शब्द निराळेच ऐकू येतात. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ (१९९५) हा तिसरा पट दोन भागांत असून, धार्मिक हिंसेच्या मुळाशी पुरुषी पराक्रमाच्या कल्पना कशा असतात, याचा शोध तो सतीप्रथेचे समर्थन, १९९२-९३ ची मुंबईतील दंगल, रस्त्यावरील औषधविक्रेते अशा वरकरणी असंबद्ध वाटणाऱ्या प्रसंगांतून घेतो. मांडणी सैल असली, तरी विषयाचे आकलन पूर्वीच्या दोन्ही पटांपेक्षा खोल आहे.

या पटांच्या प्रदर्शनाचा इतिहास हा भारतातील अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या इतिहासाचाही भाग बनला आहे. दूरचित्रवाणी ही दीर्घकाळ केवळ शासनाच्या हाती होती. राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त पटही दूरदर्शनने नाकारावेत, हे पटवर्धनांना मान्य नव्हते. सरकारी माध्यम हे सरकारचे नसून नागरिकांचे आहे. नागरिकाचा बोलण्याचा हक्क आणि इतर नागरिकांचा ऐकण्याचा हक्क तेथे एकत्र येतो, असा त्यांचा युक्तिवाद होता. ‘उना मित्रां दी याद प्यारी’च्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाने तो उचलून धरला व १९९६ मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. ‘राम के नाम’ १९९७ मध्ये दूरदर्शनवर दाखविला गेला. म्हणजे ज्या घटनेचा इशारा त्याने दिला होता, ती घडून चार वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’चा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पटाच्या एका भागास प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र असल्याचा मुद्दा दूरदर्शनने पुढे केला होता. सुटी दृश्ये वेगळी न काढता संपूर्ण कृतीचा परिणाम सामान्य सुजाण प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहिला पाहिजे, असे न्यायालयाने ऑगस्ट २००६ मधील निकालात म्हटले व तो प्रक्षेपित करण्याचा आदेश दिला. न्यायालयात पटवर्धन वारंवार जिंकले, हे खरे. परंतु प्रत्येक खटल्यात काही वर्षे गेली, आणि तात्कालिक प्रश्नावरील पटाला वर्षे गमावणे परवडत नाही, हेही तितकेच खरे.

न्यायालयाबाहेरील प्रदर्शनाची व्यवस्था त्यांनी स्वतःच उभी केली. कामगार संघटना, महाविद्यालये, झोपडपट्ट्या, गावातील चावडी अशा ठिकाणी प्रक्षेपक नेऊन खेळ करावयाचा व नंतर चर्चा ठेवावयाची, ही त्यांची पद्धत. पुढे ध्वनिचित्रफिती व तबकड्या अल्प किमतीत विकून त्यांनी पटांचा प्रसार केला. खर्चाचा काही भाग परदेशी दूरचित्रवाहिन्यांना विकलेल्या प्रक्षेपण-हक्कांतून निघे. मथळे व निवेदन बदलून एकाच पटाच्या निरनिराळ्या भाषांतील आवृत्त्या काढण्याकडेही त्यांचा कल राहिला.

१९९० नंतरच्या दशकात त्यांनी चळवळींवर लहान पटही केले. ‘ऑक्युपेशन : मिलवर्कर’ (१९९६) मध्ये टाळेबंदीनंतर मुंबईच्या न्यू ग्रेट ईस्टर्न गिरणीत शिरून ती चालू करू पाहणारे कामगार आहेत. सीमंतिनी धुरू यांच्यासह केलेला ‘नर्मदा डायरी’ (१९९५) हा सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणाऱ्या आदिवासी गावांतील संघर्षाची काही वर्षांची दैनंदिनी आहे. कोळी व अन्य मच्छीमारांच्या उपजीविकेवर यांत्रिक मासेमारीने आणलेल्या संकटावर ‘फिशिंग : इन द सी ऑफ ग्रीड’ (१९९८) आहे. मे १९९८ मध्ये भारत व पाकिस्तान यांनी केलेल्या अणुचाचण्यांनंतर ‘जंग और अमन’ (२००२) हा दीर्घ पट तयार झाला. गांधीजींच्या हत्येपासून आरंभ करून तो पोखरणजवळची गावे, जादूगोडा येथील युरेनियमच्या खाणींचा परिसर, पाकिस्तान व हीरोशिमा असा प्रवास करतो. सेन्सॉर मंडळाने त्यात अनेक काटछाटी सुचविल्या. पटवर्धनांनी एकही स्वीकारली नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये पट विनाकाटछाट प्रदर्शित करण्यास अनुमती दिली. त्याच सुमारास मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय पटांना सेन्सॉर प्रमाणपत्राची अट घालण्यात आली. देशभरातील अनुबोधपटकारांनी एकजुटीने विरोध केल्यावर अट मागे घेण्यात आली खरी, पण अनेक उल्लेखनीय पट निवडीत वगळले गेले. तेव्हा २००४ मध्ये महोत्सवाच्या जागेजवळच ‘विकल्प’ या नावाने समांतर महोत्सव भरविण्यात आला. पटवर्धन या चळवळीतील प्रमुखांपैकी एक होते. याच मुंबई महोत्सवाने त्यांना २०१४ मध्ये व्ही. शांताराम जीवनगौरव पुरस्कार दिला.

‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) ही त्यांची सर्वांत परिपक्व कृती मानावी लागेल, आणि मराठी समाजाशी तिचा संबंध सर्वांत निकटचा आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपर येथील रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळीबार केला. त्यात दहाजण मृत्युमुखी पडले. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडमधील आपल्या झोपडीत गळफास घेतला. घोगरे हे डाव्या सांस्कृतिक चळवळीतील गायक. ‘बॉम्बे : हमारा शहर’मध्ये त्यांचे गाणे होते. वर्गलढ्याची गाणी गाणाऱ्या या शाहिराने मरताना डोक्याला निळे कापड बांधले होते. जातीचा प्रश्न आणि डावी चळवळ यांच्यातील न सुटलेला गुंता त्या एका खुणेत सामावला होता. त्याचा मागोवा घेण्यास पटवर्धनांनी सुरुवात केली आणि काम सुमारे चौदा वर्षे चालले. गोळीबाराच्या समर्थनार्थ पुढे केलेल्या चित्रफितीची छाननी, चौकशी आयोग, २००९ मध्ये सत्र न्यायालयाने संबंधित अधिकाऱ्यास दिलेली जन्मठेप व त्यानंतर उच्च न्यायालयात मिळालेला जामीन या साऱ्यांची नोंद पटात आहे. पण तीन तासांहून अधिक लांबीचा हा पट तोलून धरला आहे तो गाण्यांनी. जलसा, भीमगीते, कव्वाली, संभाजी भगत यांचे पोवाडे, पुण्याच्या कबीर कला मंचातील शीतल साठे यांचे गायन यांतून शाहिरीची एक अखंड परंपरा उभी राहते. सफाई कामगारांच्या व दगडखाणीतील मजुरांच्या वस्त्या, खैरलांजी, पक्षोपपक्षांच्या सभा या गाण्यांच्या अधूनमधून येतात. पूर्वीच्या पटांत पटवर्धनांना उत्तर ठाऊक असते आणि ते प्रश्न विचारतात. येथे ते स्वतः शिकताना दिसतात. जानेवारी २०१२ मध्ये भायखळ्याच्या बी. आय. टी. चाळीत लोकांसमोर याचा खेळ झाला व पुढे महाराष्ट्रातील अनेक वस्त्यांत तो दाखविण्यात आला. त्याला राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. चित्रणाच्या अखेरीस कबीर कला मंचाचे काही कलावंत नक्षलवादाच्या आरोपामुळे भूमिगत झाले होते. त्यांच्या बचावासाठी स्थापन झालेल्या समितीत पटवर्धनांनी पुढाकार घेतला. चित्रित केलेल्या माणसांशी असलेले त्यांचे नाते चित्रणाबरोबर संपत नाही, याचे संजय गांधीनगरानंतरचे हे दुसरे उदाहरण.

त्यांच्यावर एकांगीपणाचा आक्षेप सातत्याने घेतला जातो. आपण तटस्थ आहोत असा दावा त्यांनी स्वतः कधी केलेला नाही. मात्र विरोधकांना ते पडद्यावर भरपूर बोलू देतात, हे आक्षेपकांनी पुरेसे लक्षात घेतलेले नाही. प्रश्न विचारणारा त्यांचा आवाज शांत, काहीसा भाबडा वाटावा असा असतो व समोरचा मनुष्य त्यामुळे मोकळा होतो. दोष असेल तर तो संकलनातील सोप्या उपरोधाचा आहे. श्रीमंताच्या वाक्याला गरिबाच्या दृश्याने उत्तर देण्याची युक्ती अनेकदा परिणामकारक ठरते, पण वारंवार वापरल्यास तिची धार बोथटते. ‘विवेक’ (२०१८) या सुमारे चार तासांच्या पटात ही मर्यादा विशेष जाणवते. नरेंद्र दाभोलकर (२०१३), गोविंद पानसरे (२०१५), एम्. एम्. कलबुर्गी (२०१५) व गौरी लंकेश (२०१७) यांच्या हत्या हा त्याचा मुख्य विषय. दाभोलकर व पानसरे यांच्यावरील प्रकरणे एकसंध आहेत; पुढे घटनांची गर्दी होते. ॲम्स्टरडॅम येथील अनुबोधपट महोत्सवात त्याला दीर्घ अनुबोधपटाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. केरळमधील महोत्सवात २०१९ मध्ये तो दाखविण्यास केंद्रीय मंत्रालयाने आवश्यक ती सवलत नाकारली, तेव्हा केरळ उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्याचा खेळ झाला.

‘वसुधैव कुटुंबकम्’ (२०२३) हा पट प्रथम टोराँटो येथील महोत्सवात दाखविण्यात आला. येथे पटवर्धन आपल्या घराकडे वळले आहेत. वृद्ध आईवडिलांचे चित्रण त्यांनी काही विशिष्ट हेतूने केले नव्हते; घरातील माणसे आठवणीत राहावीत एवढाच उद्देश होता. अनेक वर्षांनी ते जुळविताना त्यातून तेव्हाच्या अहमदनगरमधील पटवर्धन कुटुंब, सिंधमधील हैदराबाद येथील आईचे माहेर, शांतिनिकेतनमधील तिचे कलाशिक्षण, तुरुंगात गेलेले व भूमिगत राहिलेले चुलते अशी स्वातंत्र्यलढ्याची एक घरगुती बखर तयार झाली. आईचा तिखट विनोद व वडिलांचा मिस्कील संयम यांमुळे त्यांच्या अन्य कोणत्याही पटात न आढळणारा हलकेपणा यात आला आहे.